अमेरिकन फुटबॉलर पुलिसिक युरोपात खरंच यशस्वी म्हणायचा का?
माझ्या मते तरी हो, शंभर टक्के. लोक अजून इंग्लंडच्या चेल्सी क्लबवरच अडकलेत, की २०१९ ला जर्मनीच्या डॉर्टमुंडकडून ६४ मिलियन युरोला घेतला आणि मग सारखा दुखापत नाहीतर बेंच, पण २०२१ च्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलला रिअल माद्रिदविरुद्धचा त्याचा गोल आठवा, त्यांचा गोलकीपर कुर्त्वा अंगावर आला तरी घाई नाही, शांतपणे त्याला चकवून बाजूने बॉल काढला आणि मारला. एवढं डोकं थंड ठेवणं सोपं नाही हो. मग २०२३ ला इटलीचा मिलान क्लब, पहिल्याच सीझनला सेरी आ म्हणजे तिथल्या लीगमध्ये १२ गोल, कारण तिथे नेमाने खेळायला मिळालं. म्हणून नवीन अमेरिकन पोरांचं क्लबचं नाव नका बघू, मिनिटं किती मिळतायत ते बघा. अमेरिकेच्याच रेनाकडे टॅलेंट भरपूर, पण दुखापतींमुळे डॉर्टमुंडला सलग खेळताच आलं नाही, फार वाईट वाटतं त्याचं.