एका डोसाची झोप आणि आठ दिवसांची झोप

प्रश्न : माझे वडील आठ दिवस व्हेंटिलेटरवर होते आणि त्यांना मिडाझोलाम हे गुंगीचे औषध सतत चालू होते. ते बंद केल्यावरही दोन दिवस ते शुद्धीवर आले नाहीत. हेच औषध एंडोस्कोपीच्या वेळी दिले होते, तेव्हा तासाभरात ते उठून बसले होते. या वेळी औषधाची निवड चुकली का?

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. एका डोसानंतर रुग्ण जागा होतो, तो मुख्यतः औषध मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पसरते म्हणून; ते शरीराबाहेर गेलेले नसते. दिवसेंदिवस औषध चालू राहिले की ही कोठारे भरतात आणि मग जाग येणे यकृत व मूत्रपिंडांच्या गतीवर अवलंबून राहते. मिडाझोलामपासून यकृतात तयार होणारे पदार्थही गुंगी आणतात आणि ते लघवीवाटे बाहेर पडतात; त्यामुळे वडिलांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडे मंदावली की रक्तात साठणारा पदार्थ) त्या काळात वाढलेले असेल, तर उलगडा बराचसा तिथेच होतो. अर्थात शुद्ध न येण्याची इतर कारणेही अशा वेळी तपासावीच लागतात.

म्हणूनच दीर्घकाळासाठी औषध निवडताना ते किती लवकर झोपवते यापेक्षा ते शरीरातून कसे जाते आणि दिवसेंदिवस दिल्यास काय करते, हे मी आधी पाहतो. एटोमिडेट या भुलीच्या औषधाचे उदाहरण बोलके आहे. भूल देताना एकदा टोचल्यास ते रक्तदाब फारसा उतरवत नाही. मात्र अतिदक्षता विभागातील जखमींना ते सतत दिल्यावर मृत्यू वाढल्याचे 1983 मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनी नोंदवले. ते मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतील कॉर्टिसोलची, म्हणजे आजाराचा ताण सोसायला लागणाऱ्या संप्रेरकाची, निर्मितीच रोखते.

प्रोपोफॉल हे गुंगीचे दुसरे औषध बंद केल्यावर जाग सहसा लवकर येते, पण ते दुधासारखे पांढरे दिसते ते त्यातील स्निग्धांशामुळे. त्याच्या दर मिलिलीटरमागे सुमारे 1.1 किलोकॅलरी आहारात धराव्या लागतात आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड या चरबीवर लक्ष ठेवावे लागते. शिवाय वजनाच्या दर किलोमागे ताशी 4 मिलिग्रॅमपेक्षा जास्त डोस 48 तासांपलीकडे गेला, तर हृदय आणि स्नायूंवर दुर्मिळ, पण घातक परिणामाचा धोका वाढतो. डेक्समेडेटोमिडीन या तिसऱ्या गुंगीच्या औषधावर असलेला रुग्ण बहुधा हाकेला ओ देतो आणि त्याचा श्वासही फारसा दबत नाही. मात्र त्याने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि गाढ झोप हवी असेल तर ते एकटे पुरत नाही.

केसपेपर मिळाल्यास क्रिएटिनिनबरोबरच वेदनाशामक काय चालू होते, गुंगीची पातळी किती वेळा नोंदवली आणि औषध रोज थोडा वेळ थांबवून पाहिले का, हेही आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्यावे.