एकच बंदर, तीन तिकिटे

प्रश्न : जुन्या अल्बममध्ये तीन तिकिटे मिळाली. एक जर्मन, त्यावर काळ्या शाईत ‘मेमेलगेबीट’. दुसरे फ्रेंच, त्यावर ‘मेमेल’. तिसऱ्यावर ‘क्लायपेडा’ आणि ‘मेमेल’ दोन्ही. हे तीन वेगळे देश आहेत का? तिकिटे खरी आहेत हे कसे ओळखावे? — एक वाचक, सांगली

उत्तर : तिन्ही एकाच शहराची आणि त्याच्या भोवतालच्या प्रदेशाची आहेत; ‘मेमेलगेबीट’ म्हणजे मेमेल प्रदेश. आजच्या लिथुआनियातले क्लायपेडा, जर्मन नाव मेमेल. १२५२ मध्ये जर्मन सरदारांच्या लिव्होनियन संघाने इथे किल्ला बांधला. पुढे हे बंदर प्रशियाचे आणि १८७१ पासून जर्मन साम्राज्याचे सर्वांत उत्तरेकडचे शहर. थंडीत सहसा न गोठणारे हे बंदर कुर्श खाडीच्या मुखावर आहे. नेमुनस नदीतून वाहून आणलेले इमारती लाकूड इथूनच जहाजांवर चढे, म्हणून प्रत्येक सत्तेचा त्यावर डोळा.

तुमचे पहिले तिकीट जर्मन दिसले, तरी ते जर्मन राजवटीचे नाही. इथे बहुतेकजण फसतात. व्हर्सायच्या तहाने हा प्रदेश जर्मनीकडून काढून दोस्तराष्ट्रांना दिला आणि १९२० मध्ये फ्रेंच फौज आली. पहिली दोन्ही तिकिटे या फ्रेंच प्रशासनाच्या काळातली : तयार जर्मन आणि फ्रेंच तिकिटांवर वरून प्रदेशाचे नाव छापलेली (हाच जादा छाप). फ्रेंच तिकिटावर किंमत मात्र फेनिग किंवा मार्कमध्ये आहे, कारण बाजारात जर्मन चलनच चालत होते. प्रत्यक्ष जर्मन राजवटीतले तिकीट हवे असेल, तर जादा छाप नसलेले आणि मेमेलचा शिक्का असलेले शोधा.

जानेवारी १९२३ मध्ये लिथुआनिया सरकारनेच घडवलेल्या उठावात शहर त्यांच्याकडे गेले. तिसरे तिकीट त्यानंतरचे. किंमत मार्कमध्ये असेल तर १९२३ च्या सुरुवातीचे, सेंट-लिटास या लिथुआनियन चलनात असेल तर थोडे पुढचे. १९२४ च्या करारात प्रदेशाला स्वायत्तता मिळाली. बंदराचे मंडळ तिघांचे : एक लिथुआनियाचा, एक स्थानिक प्रशासनाचा, एक राष्ट्रसंघाकडून नेमलेला. मार्च १९३९ मध्ये हिटलरने निर्वाणीचा इशारा देऊन शहर परत घेतले. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत लाल सेना शिरली.

आता पारख. मूळ तिकिटे अगदी स्वस्त, त्यामुळे वरचा छाप बनावट मारण्याचा मोह मोठा. तिकीट चिमट्याने धरा, दहापट भिंगाखाली तिरप्या उजेडात पाहा. टपालाचा शिक्का छापाच्या वर बसलेला हवा. छाप शिक्क्यावर चढलेला दिसला तर तो नंतर मारलेला आहे. दोन्ही शाया काळ्या असल्या तर हे नीट कळत नाही, तेव्हा शिक्क्यातली तारीख आणि गाव वाचा. १९२० च्या आधीची तारीख अशक्य. गाव मेमेल, हायडेक्रुग असे त्याच प्रदेशातले हवे. फ्रेंच तिकिटावर पॅरिसचा शिक्का असेल तर संशय घ्या. कोऱ्या तिकिटाला हा आधार नसतो, तिथे जाणकाराचे प्रमाणपत्रच घ्यावे. आणि कोरे तिकीट पाण्यात भिजवू नका; मागचा गोंद गेला की किंमत घसरते.