सरांच्या हातासाठी ९६,००० रुपये: एकदम भरावेत का?

चिपळूणहून एका ताईंचं पत्र आलंय. यजमान ६७ वर्षांचे, निवृत्त माध्यमिक शिक्षक, चार वर्षांपासून पार्किन्सन्स. चालणं अजून ठीक आहे, पण उजवा हात ऐकत नाही. शर्टाची बटणं, आमटीचा चमचा, सही, सगळं अडतं. पुण्यातल्या मुलानं ऑनलाइन पॅकेज शोधलंय. त्यात आठवड्याला तीन व्हिडिओ सेशन आणि बोटांच्या हालचाली मोजणारा ग्लोव्ह मिळतो. वर्षाचे ९६,००० रुपये आगाऊ भरायचे किंवा ‘नो कॉस्ट ईएमआय’वर महिना ८,०००. महिन्या-महिन्यानं घेतलं तर ११,०००. पेन्शन ३८,००० आहे, पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख आहेत आणि अडीअडचणीला दोन लाखांची एफडी. मुलाकडून पैसे घ्यायचे नाहीत, मग पोस्टातलं खातं मोडावं का, असं त्या विचारतात.

ताई, खातं मोडू नका. या योजनेतून लागतील तेवढेच पैसे काढायची सोय नाही, मोडायचं तर पूर्ण खातं. तुमच्या खात्याला दोन वर्षं होऊन गेलीत, म्हणजे ठेवीच्या १ टक्का कापतील, १५,००० रुपये. ९६,००० च्या खर्चासाठी आधी १५,००० चा भुर्दंड कशाला? तुमचा दर ८.२ टक्के आहे, दर तिमाहीला ३०,७५० रुपये व्याज येतं. जो काय प्रयोग करायचा तो या व्याजात बसवायचा. एफडीलाही हात नको. आजारपणाच्या घरात रात्री-अपरात्री गाडी करायची वेळ कधी येईल सांगता येत नाही.

आता पॅकेजचं बघू. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ सेशन, एकाला ६१५ रुपये पडतात. विक्रीवाल्यानं हाच आकडा तुम्हाला सांगितला असणार. पण चिपळूणचा जुलै तुम्हाला मी सांगायला नको. वीज जाते, नेटवर्क जातं, गणपतीला घर भरतं, कधी सरांनाच बरं नसतं. ८० सेशन झाली तर प्रत्येकाला १,२०० पडले. माझ्या सख्ख्या काकांकडे अर्धांगवायूनंतर वर्षभराचं असंच काहीतरी घेतलं होतं. तिसऱ्या महिन्यापासून त्या यंत्रावर टॉवेल वाळत होते. आगाऊ पैसे परत मागायला मीच चार मेल लिहिले, उत्तर एकाचंही आलं नाही.

ईएमआयबद्दल तर स्पष्टच सांगतो, नको. हप्ता त्या कंपनीचा नसतो, कर्ज देणाऱ्या तिसऱ्याच संस्थेचा असतो. सेवा बंद पडली तरी हप्ता कापला जातो, आणि ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून थांबवला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, तुमची खराब होते. ३८,००० च्या पेन्शनीतून ८,००० चा बांधलेला हप्ता म्हणजे पाचवा हिस्सा गेला.

उपयोग होतो का, हा खरा प्रश्न. औषधातलं मला कळत नाही, ते तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा. पण अभ्यासाचे आकडे मला वाचता येतात. ब्रिटनमध्ये ७६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०१६ साली आला. आठ आठवड्यांत साधारण चार तास फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी (जेवणं, कपडे, लिहिणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून दिलेले उपचार) दिली, तीन महिन्यांनी रोजच्या कामांत म्हणावा असा फरक दिसला नाही. त्याच्या दोन वर्षं आधी नेदरलँड्समध्ये १९१ रुग्णांच्या चाचणीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट दहा आठवडे घरी जात राहिले आणि रुग्णाला स्वतःला जे काम अडतं त्यावरच मेहनत घेतली. तिथे रुग्णांना त्या कामांत सुधारणा जाणवली. दोन्ही चाचण्या व्हिडिओवरच्या नव्हत्या. पण मी त्यातून व्यवहारापुरतं एवढं घेतो की, थोडंथोडकं आणि सरसकट करून हाती काही लागत नाही; घरातलं नेमकं अडणारं काम धरून रोज केलं तर लागतं. म्हणून त्या कंपनीला पहिला प्रश्न ग्लोव्हचा विचारू नका. समोर ऑक्युपेशनल थेरपिस्ट असेल का, दर वेळी तीच व्यक्ती असेल का, आणि ती सरांची बटणं बघेल की स्क्रीनवरचे फुगे फोडायला लावेल, हे विचारा.

दुसरा प्रश्न वेळेचा. तुम्ही लिहिलंय की गोळ्या सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी सहाला असतात, आणि बारा वाजले की हात आखडायला लागतो. कंपनी देतेय तो स्लॉट बाराचाच आहे! गोळीचा असर ओसरलेला असताना, म्हणजे ज्याला ‘ऑफ’ म्हणतात त्या वेळात व्यायाम घेतला तर सर वैतागतील आणि आठवड्याभरात ‘बंद करा ते’ म्हणतील. साडेनऊ-दहाचा स्लॉट लेखी मिळत असेल तरच पुढे बोला.

आणि ग्लोव्ह घालणार कोण? आखडलेल्या बोटांवर तो चढवायला तुमचे दोन हात लागणार, आठवड्यातून तीनदा. पत्राच्या शेवटी तुम्ही स्वतःच्या गुडघ्यांचं सहज लिहून गेलात. हा खर्च पॅकेजच्या कागदावर नाही, पण तो आहे.

मी काय करीन? महिन्याच्या दरानं दोन महिने घेईन, २२,००० रुपये. वर्षाच्या दरापेक्षा ६,००० जास्त जातात. त्याला विम्याचा हप्ता समजा. सगळं फसलं तरी २२,००० जातात, ९६,००० नाही, आणि एका तिमाहीच्या व्याजातून भागून ८,७५० उरतात. त्यातून एकदा ओळखीच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे प्रत्यक्ष जाऊन हात तपासून घ्या, पुण्याला औषधाच्या फेरीला जाता तेव्हाच. हाताचा ताठरपणा पडद्यावर कळत नाही, हात धरूनच कळतो.

सुरू करण्याआधी मोजून ठेवा. शर्टाची चार बटणं लावायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर. वाटीभर आमटी चमच्यानं खाताना किती सांडली ते. आणि एक दुरेघी वही आणा. सरांनी आयुष्यभर मुलांना तीच वही दिली असेल. या आजारात अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जातं, आखलेल्या रेघा असल्या की पुष्कळांना ते मोठं ठेवायला मदत होते. एकच वाक्य पाच ओळी, तारीख घालून, नेहमी सकाळी दहाला. दोन महिन्यांनी तीच तीन कामं, तीच वेळ. कंपनीचा रंगीत आलेख काही म्हणो, तुमची वही बघून ठरवा. फरक दिसला आणि सरांना हुरूप असला तर वर्षाचं जरूर घ्या, तेव्हा ते पैसे मला महाग वाटणार नाहीत. त्यासाठी पुढच्या तिमाहीचं व्याज बाजूला टाकायला आत्ताच लागा.

‘करात वजावट मिळते, म्हणजे जवळपास फुकटच’ असं विक्रीवाला म्हणाला ना? गंभीर आजाराच्या उपचारखर्चाची ती वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे, शिवाय पार्किन्सन्सला किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. सरांचं पेन्शन आणि व्याज मिळून सहा लाखांच्या आत आहे, नव्या प्रणालीत करच शून्य. वजावट घेणार कशातून? मुलालाही ती मिळणार नाही, कारण पेन्शन घेणारे वडील त्याच्यावर अवलंबून धरले जात नाहीत. आरोग्य विम्याची पॉलिसी मात्र काढून बघा. बाह्यरुग्ण खर्च सहसा नसतो, तरी वाचा.

पैसे न लागणारी एक गोष्टही आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे आणि मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी. दोन्हीकडे फोन करा. हे पॅकेज घेतलेलं कुणीतरी तिथे भेटेल आणि जाहिरातीत नसलेलं सांगेल.

शेवटी, तुम्ही न विचारलेलं. बदललेल्या हाताचा पहिला आर्थिक फटका सहीला बसतो. चेक परत येतो, पोस्टातला फॉर्म जुळत नाही. बँकेत आणि पोस्टात नमुना सही आत्ताच बदलून घ्या, दोन्हीकडे नामनिर्देशन तपासा, आणि पेन्शनचं खातं पतिपत्नींचं संयुक्त, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असं करता येईल का ते शाखेत विचारा. पुढे सही अजिबात जमेनाशी झाली तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा अधिकारी लागतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला बोटांचा ठसा उमटत नसेल तर चेहरा दाखवूनही तो काढता येतो.

बँकेत सकाळी दहाच्या सुमारास जा, गोळीचा असर असताना. आणि पेन घरचं न्या, जाड पकडीचं. काउंटरला दोरीनं बांधलेलं ते बारीक पेन सरांच्या हातात देऊ नका.