आधी हाताखाली काम कर

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. गिटार, फोटोग्राफी, ट्रेकिंग, नाटक, मोडी, पक्षी, स्कूबा आणि जर्मन. खाली तू लिहिलंयस, ‘बाकीच्यांच्या आयुष्यात सारखं काही ना काही घडतं, माझं मात्र कॉलेज, मेस आणि रूम.’ अगं, लातूरहून येऊन पुण्यातलं पहिलं वर्ष रूम शोधण्यात आणि मेसच्या भाजीशी जुळवून घेण्यातच जातं. त्यात तुझं काही चुकलेलं नाही. आणि बाकीच्यांचं जे ‘घडतं’ ते तुला त्यांच्या फोनवर दिसतं. ते घडण्याआधी दोन तास बस मिळाली नव्हती, हे कोणी टाकत नाही.

यादीत मला खटकली ती दुसरीच गोष्ट. प्रत्येक नावापुढे तू किंमत मांडलीयस. गिटारचे इतके, कॅमेऱ्याचे इतके, बुटांचे इतके, कोर्सची फी इतकी. यादी छंदांची आहे की खरेदीची, तेच कळेना! म्हणून पहिली अट घालते: दिवाळीपर्यंत यातलं काहीही विकत घ्यायचं नाही. तोवर जिथे कोणाच्या तरी हाताखाली काम मिळेल, तिथे जायचं. पैसे भरलेला क्लास पावसाचं निमित्त करून बुडवता येतो. ‘उद्या हॉलची किल्ली तुझ्याकडे आहे, सातला ये’ असं कोणी सांगितलं की पाऊस असो, नसो, तू उठून जातेस. नवीन जागी ओळखी कशा करायच्या, हा तुझा दुसरा प्रश्नही तिथेच सुटतो. कामाला लागलेल्या माणसाला स्वतःहून ओळख करून द्यावी लागत नाही.

नाटकापासून सुरू कर, कारण त्याचे दिवस आत्ता आहेत. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी ऑगस्टच्या सुमारास असते, म्हणजे तुझ्या कॉलेजात आत्ता कुठल्या तरी रिकाम्या वर्गात नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यात तालमी सुरू झाल्या असतील. ‘मला अभिनय येत नाही’ असं तू लिहिलंयस. तुला अभिनय करायला सांगितलाय कोणी? जाऊन विचार, ‘बॅकस्टेजला माणूस हवंय का?’ या प्रश्नाला नाही म्हणणारा ग्रुप मी अजून पाहिलेला नाही.

पहिल्या दिवशी तुला चहा आणायला पाठवतील. जा. दुसऱ्या आठवड्यात संहिता हातात देऊन प्रॉम्प्टिंगला बसवतील. ते काम दिसतं तेवढं सोपं नाही. नट थांबलाय तो वाक्य विसरला म्हणून, की त्याने मुद्दाम पॉज घेतलाय, हे त्याच्या श्वासावरून ओळखावं लागतं. चुकीच्या क्षणी शब्द पुरवलास तर तो तुझ्याकडे जो कटाक्ष टाकेल, त्यातून तू पुष्कळ शिकशील. मग प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू सांभाळायचं काम येईल. विंगेतल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरतात, त्यावर प्रत्येक वस्तूच्या जागी स्केचपेनने चौकट काढून आत नाव लिहितात: ‘चष्मा’, ‘पत्र – फाटलेलं’, ‘पत्र – न फाटलेलं’, ‘कंदील’. नट वस्तू घेऊन गेला की चौकट रिकामी दिसते आणि परत आला की भरते. प्रयोग सुरू असताना त्या टेबलाकडे एक नजर टाकली तरी काय हरवलंय ते कळतं. ब्लॅकआउटमध्ये खाट आत न्यायची असते तेव्हा रंगमंचावर रेडियमच्या बारीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. चार पाय चार पट्ट्यांवर टेकवायचे आणि दिवा लागायच्या आत विंगेत यायचं. अंधारात त्या खाटेवर एक माणूस विश्वासाने बसणार असतो, कारण ती तिथे आहे असं तू म्हणालेली असतेस.

ही स्पर्धा 1963 सालापासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ असा गजर सुरू झाला की कोणत्या कॉलेजचा गट आलाय ते बाहेर रस्त्यावरही कळतं. 2022 मध्ये परीक्षकांनी कोणाचीच एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही म्हणून तो दिलाच नव्हता. तेव्हा बरीच वादावादी झाली. माझं मत विचारशील तर मला ते आवडलं. विद्यार्थ्यांची स्पर्धा आहे म्हणून पाठ थोपटून घरी पाठवण्यापेक्षा, त्यांना गंभीरपणे घेऊन ‘नाही’ म्हणणं जास्त मानाचं आहे. तुझ्या ग्रुपमध्ये हे बोलू नकोस, तालमीच्या दिवसांत तरी.

तुझी संस्कारभारतीची रांगोळी विसरलीस का गं? यादीत तिचं नावच नाही. जे येतं ते छंदात धरायचं नाही, असं का असतं कोण जाणे. फिरोदिया करंडक म्हणून पुण्यातच आणखी एक स्पर्धा आहे, 1974 पासूनची. तिथे नाटकाच्या पोटात चित्र, शिल्प, वाद्य, नाच, जादू, जे काही येत असेल ते गुंफायचं असतं. संवाद चालू असताना मागे कोणीतरी उभ्या कॅनव्हासवर चित्र पुरं करतंय, असं पाहायला मिळतं. पुरुषोत्तमच्या वेळी चहा आणलेल्या मुलीला फिरोदियाच्या वेळी ‘तू रांगोळी काढतेस ना?’ असं विचारणारे लोक मिळतात. थेट जाऊन ‘मी कलाकार आहे’ म्हणण्यापेक्षा हा रस्ता बरा.

आता गड. पावसाळी रविवारी बसभर माणसं भरून नेणारे ट्रेक असतात. त्यात जाऊ नकोस. वाटेवर रांग लागते, वर जागा नसते आणि सोबतच्या माणसांची नावंही कळत नाहीत. सिंहगडाने सुरुवात कर, तीही आतकरवाडीच्या पायवाटेने, गाडीरस्त्याने नव्हे. समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या वर आहे गड, आणि पायवाट छातीचा चांगलाच भाता करते. तिथे रोज किंवा दर आठवड्याला चढणारी मंडळी भेटतात. साठी उलटलेले काका तुला मागे टाकून जातील, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस.

सिंहगड जमला की राजगड, गुंजवण्यातून चोर दरवाजाने. शेवटचा टप्पा कातळातला आहे, रेलिंग आहे, पण भर पावसात त्या दगडावर शेवाळ असतं. तुझं पहिलं जाणं ऑक्टोबरनंतर असू दे. पद्मावती माचीवर पोचून ‘झाला राजगड’ म्हणून परतणारे फार. बालेकिल्ला चढ, आणि वेळ असेल तर संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी बघ. दोन तटांच्या मधून चालताना वर फक्त आभाळाची पट्टी दिसते. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात राजगड आहे. त्यामुळे गर्दी वाढली तर आश्चर्य नाही.

पण मला तुला न्यायचंय ते दुर्गसंवर्धनाच्या मोहिमेला. पुण्यात असे गट आहेत, परवानगी काढून ते गडावरच्या पाण्याच्या टाक्यांतला गाळ उपसतात. साखळी करून उभं राहायचं आणि घमेलं पुढे द्यायचं. दुपारपर्यंत दंड भरून येतात, नखांत चिखल बसतो. मात्र कातळात खोदलेल्या टाक्यात उतरून छिन्नीच्या खुणांवरून हात फिरवल्यावर पाण्याचा हिशोब काय असतो ते समजतं. शेकडो माणसं आणि जनावरं वर ठेवायची तर आधी पाणी. तटबंदीचा फोटो हे सांगत नाही.

गडावर जाताना काही गोष्टींत माझं ऐकायचंच. कोणत्या वाटेने चाललीस आणि अंधार पडायच्या आत किती वाजता खाली यायचं ठरलंय, हे रूममेटला लिहून पाठवायचं. पाणी दोन लिटर, सोबत मीठ-साखर. टॉर्च म्हणजे टॉर्च, मोबाइलचा दिवा नव्हे. धबधब्याखाली उभं राहायचं नाही, वरून दगड येतात. जेवायचं असेल तर गडाखालच्या गावात आदल्या दिवशी फोन करून सांगायचं. ऐन वेळी सात जणांनी चुलीपुढे येऊन उभं राहणं बरोबर नाही.

मोडीचं वाचून मला विशेष आनंद झाला. वर्गात नाव घालण्याआधी काकांना सांग, घरच्या ट्रंकेतल्या जुन्या कागदांचे फोटो पाठवायला. लातूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं आणि तिथला सरकारी कारभार उर्दूत चाले. तेव्हा तुमच्या जमिनीचे कागद मोडीत असतील तसे उर्दूतही असू शकतात. आधी काय आहे ते बघ, मग कोणती लिपी शिकायची ते ठरव. मोडीच निघाली तर भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन चौकशी कर. 1910 ची संस्था आहे, पुण्यातच आहे आणि मोडीची माणसं तिथे भेटतात. मोडीत ओळीवरची रेघ आधी आखून घेतात आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं खाली लटकवत जातात. इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही, त्यामुळे शुद्धलेखनात मार खाल्लेल्या तुझ्यासारखीला सुख आहे. पहिला महिना एकही शब्द लागणार नाही. मग एखाद्या दिवशी ‘मौजे’ वाचता येईल, पुढे गावाचं नाव लागेल, आणि आपल्याच गावाचं असेल तर तू रात्री अकरा वाजता मला फोन करशील. कर.

पक्ष्यांसाठी थंडीपर्यंत थांब. हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्याने गेलं की कवडीला मुळा-मुठेचा काठ लागतो. नदी घाण आहे, काही दिवशी फेसही असतो, आणि त्याच फेसात गुलाबी काड्यांसारख्या पायांवर शेकाटे उभे असतात. हिवाळ्यात नारिंगी अंगाचे चक्रवाक उतरतात, थेट लडाख-तिबेटकडून. कॅमेरा लागत नाही. वही लागते, आणि दुर्बीण माझ्याकडे आहे. तिथल्या जुन्या मंडळींपैकी कोणाला तरी विचार, ‘मी मोजायला मदत करू का?’ तू मोजलेले आकडे ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर चढवता येतात. देशातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणाऱ्या अहवालांसाठी अशाच हौशी लोकांच्या नोंदी वापरल्या गेल्यात. बी.कॉम.च्या मुलीला आकडे नीट लिहिता येतात, हा काही लहान गुण नाही.

स्कूबा कर की एकदा. तारकर्लीला जा, मैत्रिणी घेऊन जा, प्रशिक्षक धरून नेतो, मासे बघ, मजा आहे. ती सहल आहे, तिला छंदाच्या यादीत घालून उगाच ओझं करू नकोस. जर्मन हा अभ्यास आहे, नोकरीसाठी हवा असेल तर जरूर कर, पण तो विरंगुळा म्हणून धरलास तर आर्टिकल पाठ करताना रडशील. गिटार रूमच्या शेजारणीकडे आहे असं तूच म्हणालीस. तिच्याकडून महिनाभर माग. बोटांची कातडी सोलवटल्यावरही हातात घ्यावीशी वाटली तर पुढचं बोलू.

सोडून देण्याबद्दल विचारलंयस. सोड, खुशाल सोड. एखादी गोष्ट करून बघितली, आवडली नाही, विषय संपला. फक्त तुझ्या भरवशावर कोणाचं काम असेल तर ते पार पाडून सोड. प्रयोगाच्या चार दिवस आधी ‘मला बोअर होतंय’ म्हणून गायब झालेली मुलगी पुढच्या वर्षी कोणालाच नको असते. आणि पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम लक्षात ठेव. तुझ्या बाबांना नाटकाचं सांगायचं असेल तर आधी हजेरीचं सांग, मग नाटकाचं. क्रम महत्त्वाचा.

मी शनिवारी सिंहगडाला चाललेय. कॉलेजला सुट्टी असेल तर सकाळी सहाला स्वारगेटला ये, पायथ्यापर्यंत बस आहे. आत्ता आहेत तेच बूट घाल, फक्त तळवे गुळगुळीत झालेत का ते बघ. झाले असतील तर शुक्रवारीच सांग. आपल्या दोघींचं माप एकच आहे, माझे जुने घेऊन येते. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही माझ्याकडून.

तुझी,
मावशी

ता. क. नाटकाच्या ग्रुपला शनिवारच्या आत विचारून ठेव. चढताना ऐकायचंय.