नवा बॉल काढून घेतला म्हणून बॉलिंग सोडतोयस?

अरे, तुझा मेसेज काल रात्री वाचला. कोचने नवा बॉल दुसऱ्याला दिला, तुला शेवटच्या ओव्हर्स दिल्या, त्यात धू धू धुतलं आणि आता तू म्हणतोस बॉलिंगच बंद. बरं. कोजी उएहारा हा जपानी बेसबॉल पिचर, म्हणजे तिकडचा बॉलर, हे नाव तू ऐकलेलं नसणार, आपल्याकडे बेसबॉल बघतं कोण म्हणा, पण त्याचं जरा ऐकून घे.

हा ओसाकाकडचा. शाळेच्या टीममध्ये बदली आउटफिल्डर, म्हणजे लांबच्या फिल्डिंगला तोही राखीव, बॉलिंग राहूच दे. कॉलेजची एंट्रन्स पहिल्या फटक्यात हुकली, तेव्हा वय 19, ते विसरायचं नाही म्हणून पुढे पाठीवर 19 नंबरच घेतला पठ्ठ्याने. 1999 ला जपानच्या योमिउरी जायंट्स टीमकडून पहिल्याच सीझनला 20 मॅच जिंकून दिल्या आणि सावामुरा अवॉर्ड, म्हणजे तिकडच्या बेस्ट स्टार्टर पिचरचं बक्षीस, घेतलं. तेव्हा तो स्टार्टर, म्हणजे तुझ्या भाषेत नवा बॉल त्याच्याच हातात.

2009 ला अमेरिकेत गेला, दुखापती झाल्या, पुढच्या वर्षी रिलीव्हर झाला, म्हणजे बुलपेनमध्ये बसून राहायचं आणि बोलावलं की शेवटची एखादी इनिंग टाकायची, तिकडे इनिंग म्हणजे तीन आउट. 2011 ला टेक्सासकडून प्लेऑफमध्ये, म्हणजे नॉकआउट फेऱ्यांत, लागोपाठ तीन मॅचमध्ये होमरन, म्हणजे आपले सिक्स, खाल्ले आणि वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे फायनलच्या, टीममधून नावच उडालं. तुझी ती एक ओव्हर काय घेऊन बसलास!

2013 ला बॉस्टन रेड सॉक्समध्ये आला तोही क्लोजर, म्हणजे मॅच संपवणारा शेवटचा बॉलर, म्हणून नाही, आधीचे दोघं टिकले नाहीत म्हणून जून अखेरीस याचा नंबर लागला. वय 38, स्पीड ताशी 145 किलोमीटरच्या आतच, तिकडे तेवढा कोणीही टाकतो. पण 74 इनिंग्जमध्ये 101 स्ट्राइकआउट, म्हणजे बॅटरला चकवून काढलेले आउट, आणि वॉक, म्हणजे वाइड टाकून फुकट दिलेला बेस, फक्त 9! सगळा खेळ स्प्लिटर नावाच्या बॉलचा, बॉल दोन बोटं फाकवून धरायचा, हात फास्टबॉलसारखाच जोरात यायचा आणि बॅटरजवळ आल्यावर बॉल खाली बसायचा. फास्टबॉल आणि स्प्लिटर, दोनच बॉल, पण हवे तिथेच पडणार. तू मात्र सहा व्हेरिएशन्स शिकतोस आणि यॉर्कर एकही धड पडत नाही, हे मी आधीही बोललोय.

त्याच वर्षी प्लेऑफमध्ये टॅम्पा टीमच्या लोबाटोनने याच्या बॉलवर होमरन मारून मॅच संपवली. दुसऱ्या दिवशी परत यालाच पाठवलं आणि याने सिरीज बॉस्टनला जिंकून देऊन संपवली. महिनाअखेरीस वर्ल्ड सिरीजची शेवटची विकेट, म्हणजे आउट रे, तीही याचीच.

तर आता नेटमध्ये दोनच बॉल, यॉर्कर आणि तुझा तो स्लोअर वन, दोन्हीला हाताचा स्पीड सेम दिसला पाहिजे, व्हिडिओ काढून मला पाठव. आणि रविवारच्या मॅचआधी कोचकडे जा आणि शेवटची ओव्हर तूच मागून घे, तो विचारेल म्हणून थांबू नकोस.