‘कार्टूनसमोर दोन तास बसतो, मग वहीसमोर का नाही?’

प्रश्न : ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. डायरीत रोज शेरा : जागेवर बसत नाही, लिखाण अर्धवट. डॉक्टरांनी तपासून एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) सांगितलं, गोळ्या सुचवल्या. सासूबाई म्हणतात, तुझ्या लाडांनी बिघडला. नवरा म्हणतो, मीही असाच होतो, पट्ट्या खाऊन सुधारलो. कार्टून मात्र दोन तास बघतो! अभ्यासाला बसवलं की माझा हात उठतो, मग रात्री मीच रडते. गोळ्या द्याव्यात का?
– एक आई, नाशिक

उत्तर : कार्टूनपासूनच सुरुवात करू, कारण घरातली निम्मी भांडणं त्यावरूनच होत असणार. या मुलांकडे लक्ष नसतं असं नाही, ते हवं तिथे वळवता आणि टिकवता येत नाही. कार्टूनमध्ये दर काही सेकंदांनी नवं काहीतरी घडतं, लक्ष आपोआप खेचलं जातं. शुद्धलेखनाच्या वहीत तसं काहीच घडत नाही. त्यामुळे ‘मनात आणलं तर बसतो’ हे वाक्य आता घरातून हद्दपार करा.

आता संध्याकाळ. ‘दप्तर भर, डबा घासायला टाक, मोजे काढ’ असं ओट्यापासून ओरडून सांगितलंत, तर त्यातलं एखादंच त्याच्यापर्यंत पोहोचतं. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, तो बघेपर्यंत थांबा, मग म्हणा, ‘डबा.’ डबा सिंकमध्ये पडला की ‘शाब्बास’, आणि मग दप्तर. सुरुवातीला फार कंटाळवाणं वाटेल. अभ्यासही दहा-पंधरा मिनिटांचा, मध्ये उठून पाण्याची बाटली भरून आणायची मुभा. टेबलावर एकच वही. बक्षीस त्याच दिवशी, शक्यतो त्याच मिनिटाला. ‘वार्षिक परीक्षेत नव्वद टक्के मिळाले तर सायकल’ हे त्याच्यासाठी पुढच्या जन्मीचं आश्वासन आहे. हात उठेलसं वाटलं की सरळ दुसऱ्या खोलीत जा. वही राहिली तर राहू दे, मारून लक्ष वाढत नाही.

तुमचे अहो मात्र नकळत महत्त्वाचं बोलून गेलेत. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. गाडीची किल्ली रोज सकाळी कोण शोधतं, एवढं त्यांना हसत विचारा! पुढच्या तपासणीला त्यांनाही न्या. ‘लाडांनी होत नाही’ हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांनी ऐकलं, की ते आईलाही सांगू शकतील. सुनेनं सांगून सासूबाईंना पटणं कठीण, हे आपण दोघीही जाणतो.

गोळ्यांना सरसकट घाबरू नका. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांना प्रशिक्षण देतात, नवव्या वर्षी औषधाचा विचार करणं योग्यच आहे. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध लिहून दिलं असेल तर भूक मंदावणं, झोप उशिरा लागणं हे त्रास होऊ शकतात. म्हणून गोळीआधी पोटभर नाश्ता द्या, आणि वजन, उंची, रक्तदाब वेळोवेळी तपासून घ्या. घरात कुणाला हृदयविकार असेल तर आधीच सांगा. मूल गुंगल्यासारखं वाटलं तर तेही कळवा, डोस कमी-जास्त करता येतो. शेजारणीच्या सल्ल्यानं मात्र बंद करू नका.

बाईंना भेटून पुढचा बाक मागा. वाचन-लेखनातही तो फार मागे असेल तर अध्ययन अक्षमतेची (बुद्धी असूनही वाचन-लेखन किंवा गणित न जमण्याची) चाचणी करून घ्या. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती नावानिशी आहे, एडीएचडी नाही. दहावीला जादा वेळेसारख्या सवलतींसाठी अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राचा उपयोग होतो. मुंबईत शीवच्या पालिका रुग्णालयात ही तपासणी होते, नाशिकहून कुठे जायचं ते डॉक्टरांनाच विचारा. नंबर लागायला वेळ जातो, त्यामुळे नववीपर्यंत थांबू नका.