‘आमची कसलीही तक्रार नाही’ या कागदावर सही करू नका

प्रश्न : माझी आई 81 वर्षांची. मधुमेह आहे, डिमेन्शिया आहे, वर्षभरापासून अंथरुणावरच आहे. इंदूरच्या एका खासगी वृद्धाश्रमात ती 14 महिने होती. महिन्याला 28,000 रुपये आणि सुरुवातीला एक लाख अनामत. मी बडोद्याला राहते, दोन महिन्यांतून एकदा जात असे. गेल्या आठवड्यात ती कूस बदलू देईना म्हणून चादर सरकवली, तर माकडहाडावर खोल जखम, आत हाड दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, चौथ्या टप्प्याचा बेडसोअर. ती आता हॉस्पिटलात आहे. व्यवस्थापक म्हणतात, “या वयात होतंच.” अनामत हवी असेल तर ‘कसलीही तक्रार नाही’ असं लिहून मागतात. करारात ‘प्रकृतीस संस्था जबाबदार नाही’ असं कलम आहे आणि पावत्यांवर ‘देणगी’ असं छापलेलं आहे. कुणी एसडीएमकडे (उपविभागीय दंडाधिकारी) जा म्हणतं, कुणी पोलीस ठाण्यात. मी काय करू?

उत्तर : ताई, तो कागद तसाच परत करा. अनामत आज अडकली तरी ती मागण्याचा हक्क जात नाही. उलट त्या एका ओळीचा कागद समोरचा वकील पहिल्याच तारखेला फाइलमध्ये लावेल.

कोर्टकचेरीआधी हॉस्पिटलचं काम उरका. आईच्या दाखल होतानाच्या नोंदीत जखम ‘दाखल करतेवेळीच होती’ असं लिहिलंय का, ते आजच पाहा. नसेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विनंती करून नोंद करून घ्या. ही ओळ राहिली, तर आश्रम म्हणेल की जखम हॉस्पिटलातच झाली. जखमेची जागा, लांबी, रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये, टप्पा आणि आईचं वजन, हे सगळं कागदावर हवं. मेलेली त्वचा काढली की जखमेचं रूप बदलतं. तसं व्हायच्या आत पट्टी शेजारी धरून तारखेसह फोटो घ्या. कागदपत्रांच्या प्रतींसाठी लेखी अर्ज करा. डॉक्टरांना लागू असलेल्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यापासून 72 तासांत प्रती द्याव्या लागतात.

आता “या वयात होतंच” याबद्दल. शरीराचा भार एकाच जागी पडून राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो. म्हणूनच अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, हवेची गादी द्यायची, डायपर ओला राहू द्यायचा नाही, आहारात प्रथिनं पाहायची. पहिल्या टप्प्यात फक्त लाली असते, बोटाने दाबली तरी न जाणारी. तिथून हाड दिसेपर्यंत सहसा बरेच दिवस, कित्येकदा आठवडे जातात. त्या काळात कुणीतरी रोज आईचा डायपर बदलत होतं, तिला पुसत होतं. म्हणजे एक तर कुणी पाहिलं नाही, किंवा पाहून तुम्हाला कळवलं नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात निष्काळजीपणाही येतो आणि माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. हेही सांगायला हवं की अतिशय क्षीण माणसाला चांगली काळजी घेऊनही अशी जखम होऊ शकते. पण मग ती काळजी नोंदवहीत दिसली पाहिजे. तुमचं प्रकरण या नोंदींवरच उभं राहणार आहे.

त्यामुळे आश्रमाला आजच ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा. प्रवेश अर्ज, करार, कूस बदलल्याचा तक्ता, औषध व इन्सुलिनची नोंद, वजनाच्या नोंदी, भेटीला येणाऱ्या डॉक्टरांचे शेरे आणि रात्रपाळीचा हजेरीपट मागा. सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा असंही स्पष्ट लिहा; बऱ्याच यंत्रांत जुनं चित्रण काही आठवड्यांतच आपोआप पुसलं जातं. तक्ता मिळाला तर नीट न्याहाळा. चोवीस तासांच्या खुणा एकाच शाईत, एकाच हातच्या, आणि वेळा बरोबर ठोक्यावर असतील, तर तो एका बैठकीत भरलेला असण्याची दाट शक्यता. कधी कधी माणूस हॉस्पिटलात गेल्यानंतरच्या दिवशीही ‘कूस बदलली’ अशी टिकमार्क सापडते.

व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका, तो फोन विकू किंवा बदलू नका. छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र लावा. तिथल्या मावशींशी तुमचं बोलणं मराठीत झालं असेल, तर त्याचं हिंदी भाषांतर जोडा. आयोगापुढे मराठीतला मजकूर तसाच दिला तर आपली सर्वांत बोलकी ओळ न वाचलेलीच राहते.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करा. 14 महिन्यांचे 3,92,000 आणि अनामत धरली तरी 4,92,000, म्हणजे पाच लाखांच्या आत; तक्रारीला शुल्क नाही. हे शुल्क आणि जिल्हा आयोगाची 50 लाखांची मर्यादा, दोन्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरतात, मागितलेल्या भरपाईवर नाहीत. पैसे तुम्ही दिले, सेवा आईने घेतली. कायद्याने दोघी ग्राहक आहात, त्यामुळे आईला सही करता येत नाही म्हणून काही अडत नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुम्ही राहता तिथे, बडोद्यालाही, तक्रार करता येते. माझं मत इंदूरच्या बाजूने आहे, कारण डॉक्टर, आश्रम आणि नोंदी तिथेच आहेत. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून भरता येते आणि सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यावी असा अर्जही देता येतो.

‘देणगी’च्या पावत्यांचा हेतू ओळखा. मोफत सेवा या कायद्यात येत नाही, म्हणून ‘आम्ही फी घेतच नाही’ असा बचाव होणार. दर महिन्याला खात्यातून गेलेले तेच 28,000, त्यांचं दरपत्रक आणि ‘या महिन्याचे पैसे आले नाहीत’ असे त्यांचे मेसेज एकत्र ठेवले की हा बचाव टिकत नाही. संस्था ट्रस्ट असली तरी फरक पडत नाही.

जबाबदारी झटकणाऱ्या कलमाने निष्काळजीपणा माफ होत नाही. मात्र मागणी लिहिताना जपा. ‘करारातलं कलमच अन्यायकारक म्हणून रद्द करा’ असं मागितलंत, तर तो विषय भोपाळच्या राज्य आयोगाचा होतो आणि इंदूरची तक्रार अधिकारक्षेत्रावर अडकते. सेवेतील त्रुटी, हॉस्पिटलचं बिल, पुढच्या ड्रेसिंगचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च, दुर्लक्षाच्या काळातली फी, अनामत आणि मानसिक त्रास, एवढंच मागा. त्रासाचा आकडा फुगवू नका. बिलांनी सिद्ध होणारी रक्कम ठामपणे मागा. नोटीस मिळाल्यावर उत्तर द्यायला त्यांना 30 दिवस, वर फार तर 15. निकाल मात्र कायद्यात लिहिलेल्या तीन महिन्यांत लागेल अशी आशा धरू नका.

एसडीएमकडचं न्यायाधिकरण आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याखाली मुलांकडून किंवा नातेवाइकांकडून निर्वाह मिळवून देण्यासाठी आहे. आश्रमाविरुद्धची भरपाई तिथे मिळणार नाही. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार जरूर द्या. असहाय माणसाची देखभाल करण्याचा करार करून मुद्दाम ती न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 357 खाली गुन्हा आहे, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा अदखलपात्र असल्याने पोलीस स्वतःहून तपास करणार नाहीत, मॅजिस्ट्रेटपुढे जावं लागेल. भिस्त ग्राहक आयोगावरच ठेवा.

शेवटचं काम त्या आश्रमात अजून पडून असलेल्यांसाठी. मंगळवारी कलेक्टर कार्यालयात जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याची बैठक, असते. तिथे तपासणीची मागणी करणारं आवेदन द्या, आईच्या कागदपत्रांच्या प्रती जोडा, आणि सामाजिक न्याय विभागाबरोबरच मुख्य चिकित्सा अधिकाऱ्यांनाही पाठवा. तिथे सलाईन, कॅथेटर, नर्सिंग अशी सेवा देत असतील, तर मध्य प्रदेशच्या 1973 च्या उपचर्यागृह (नर्सिंग होम) कायद्याखाली नोंदणी आहे का, ते तपासायला सांगा. स्वतः जाता आलं नाही तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा.